इतिवृत्त

चॅपेलच्या मागच्या सभागृहात
सव्वासातला नकाशा टांगला.
चिकटपट्टी सुटत होती, म्हणून मेरियननं
एक कोपरा अंगठ्यानं दाबून धरला
आणि सभा संपेपर्यंत तसाच उभा राहिला,
नदीच्या मुखावर अंगठा ठेवून.

जागा तीन.
अ, युद्धातली धावपट्टी, आता नुसतं गवत.
ब, नदीकाठची दलदल.
क, ॲल्युमिनियमचा बंद कारखाना,
ज्याच्या धुरावरून आमचे बाप
वारा ओळखायचे, आणि पगाराचा दिवसही.

माझं काम लिहायचं.
लिहिलं: उपस्थिती एकशे बारा, खुर्च्या ऐंशी.

कार्डिफहून आलेला माणूस
'सुविधा' म्हणत होता. वीस वेळा म्हणाला, मी मोजलं.
एकविसाव्याला मागून कुणीतरी
आमच्या वेल्श बोलीतला जुना शब्द टाकला,
'कारखार',
आणि खोली एकदम थंड झाली,
जणू दार उघडं राहिलं होतं.

ह्यू म्हणाला, धावपट्टीवर नको.
खांबाखांबावर दिवे लावाल,
माझ्या मेंढ्या झोपायच्या कधी?
लोक हसले. तो हसला नाही.

नॉन म्हणाली, दलदलीत नको,
वाकड्या चोचीचे पक्षी तिथेच अंडी घालतात,
आणि आता उरलेत किती, तर अकरा जोड्या.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, कारखान्यात नको,
चौथीच्या वर्गातून फाटक दिसेल.
'प्रवेशद्वार,' कार्डिफचा माणूस म्हणाला.
'फाटक,' त्या म्हणाल्या.

तुरुंग कुणालाच नको होता असं नाही.
तो असावा, पक्का असावा,
फक्त शेजारच्या दरीत असावा.

मग ओवाइन उठला, भट्टीवर एकोणीस वर्षं काढलेला.
सहाशे नोकऱ्या आहेत, म्हणाला.
माझा पोरगा दाराच्या बाहेरच्या बाजूला उभा राहील,
हातात किल्ली घेऊन.
यात लाज कसली ते मला सांगा.
कुणीच सांगितलं नाही.

शेवटून तिसऱ्या रांगेत टेगवेन होती.
सभेचे केक तिनेच भाजलेले.
महिन्याच्या पहिल्या रविवारी, पहाटे चारला,
तिच्या टॉर्चचा उजेड उतारावरून खाली जातो:
टॅक्सी, दोन गाड्या, एक बस, मग हमरस्त्याच्या कडेनं चालणं,
आणि एक तास गेथिनसमोर.
कुठे निघालीस, असं आम्ही विचारत नाही.
यालाच आमच्या गावात सभ्यता म्हणतात.

तिनं हात वर केला.
'बस थांबेल का? दारापर्यंत?'
'वाहतुकीचं परिशिष्ट चारमध्ये आहे,' तो म्हणाला.
'रविवारी?'
तो पानं उलटत राहिला.
ह्यूनं स्वतःच्या टोपीकडे पाहिलं,
मुख्याध्यापिकांनी खिडकीकडे,
आणि मी लिहिलं:
वाहतुकीसंबंधी एक प्रश्न उपस्थित झाला.

हात वर करून मतं घेतली.
अ नऊ, ब चार, क सदतीस,
कुठेच नको, अठ्ठावन्न.
चौघांनी हात वर केलेच नाहीत.
तिचा हात कधी वर गेला, मी पाहिलं नाही,
आणि मोजणी माझीच होती.

मेरियननं अंगठा काढला.
नदीच्या मुखावर घामाचा गोल डाग राहिला,
नकाशा गुंडाळला तरी तो आत राहणार.

नंतर आम्ही दोघी कप धूत होतो.
ती पुसत होती, मी विसळत होते.
'कारखान्यापासून माझं घर,' ती म्हणाली, 'किती असेल?'
मला माहीत होतं. आमची सगळ्यांची शाळा त्याच वाटेवर.
'चौदा मिनिटं,' मी म्हटलं,
'उतरताना बारा.'

'बारा,' ती म्हणाली,
आणि तोच कोरडा कप
पुन्हा पुसायला घेतला.